मुलींच्या कबड्डीसाठी परसातली कोंबडी

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या मुलींचा कबड्डी संघ जिल्ह्याच्या स्पर्धेला जाऊ शकला नाही. तयारीत काही उणे नव्हते. शाळेमागच्या काळ्या मातीवर मुरूम टाकून, पाणी मारून मुलींनी स्वतः चोपलेल्या बारा मीटर बाय आठ मीटरच्या मैदानावर त्या तीन महिने रोज संध्याकाळी घाम गाळत होत्या. अडले ते प्रवेश शुल्क, मॅटवर लागणारे बूट आणि दोन दिवसांचे जेवणखाण एवढ्यावर. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे असल्याने प्रवासाचा भार हलका झाला आहे, पण उरलेली रक्कमही जमली नाही. त्याच महिन्यात पंचक्रोशीत शंकरपट झाला, पुरुषांचे कबड्डीचे खुले सामने झाले आणि त्यांच्या बक्षिसांसाठी गावागावांतून वर्गणी गोळा झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र मुलींच्या खेळासाठी वर्गणी मागायला गेले की "लग्नानंतर कोण खेळते?" हा प्रश्न ठरलेला असतो, हे तीस वर्षे क्रीडाशिक्षिका म्हणून काम करताना मी ऐकत आले आहे.

ग्रामीण आफ्रिकेत महिलांच्या सामुदायिक खेळांचा खर्च घरगुती कुक्कुटपालनातून उभा करण्याच्या कल्पनेविषयी अलीकडे वाचले आणि ती कल्पना आपल्या मातीत रुजू शकेल असे वाटले, म्हणून हे पत्र. केनियाच्या किनाऱ्यावरील किलिफी भागात २००१ पासून मुलींच्या फुटबॉलचे काम चालू आहे आणि मलावीच्या खेड्यांत नेटबॉल हा बायकांचा आवडता खेळ आहे. खेळण्याची हौस तिथेही आहे आणि पैशाची चणचणही आहे. पण त्याहून महत्त्वाचे साम्य कोंबडीचे आहे. तिथे बहुतेक ठिकाणी गुरे पुरुषांच्या नावची आणि कोंबड्या बाईच्या. आपल्याकडेही बैलाचा, कापसाचा आणि तुरीचा पैसा घरधन्याच्या हाती जातो. अंड्यांचा आणि कोंबड्यांचा पैसा मात्र लुगड्याच्या गाठीत राहतो आणि त्याचा हिशेब सहसा कोणी विचारत नाही. मुलीच्या बुटांसाठी कोणाची परवानगी न मागता खर्च करता येईल, असा घरातला पैसा बहुधा हाच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातील बारा जणींनी प्रत्येकी दोन कोंबड्या खेळासाठी म्हणून वेगळ्या राखल्या होत्या. त्यांच्या पायाला लाल चिंधी बांधली होती. पहिले आठ महिने उत्तम गेले. मग एका पहाटे एका घरी डालगे उचलले तेव्हा तलंग मान वाकडी करून गोल फिरत होती, हिरवट पातळ हगवण लागली होती आणि दुपारपर्यंत ती गेली. ही मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग होता. आठवडाभरात गावातल्या निम्म्याहून अधिक कोंबड्या गेल्या आणि लाल चिंधीच्या चोवीसपैकी पाच उरल्या. मानमोडीची लस नसते असे नाही. तालुक्याला ती होती. पण एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांच्या मात्रा असतात, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा पातळ केली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच-सात कोंबड्या असलेली बाई त्यासाठी तालुक्याला एक दिवसाची मजुरी बुडवून कशी जाणार?

नेमकी हीच अडचण मोझांबिक, टांझानिया आणि मलावी या देशांनी ज्या पद्धतीने सोडवली, ती मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते. ऑस्ट्रेलियाच्या मदतीने तिथे 'आय-२' नावाची, उष्णता बऱ्यापैकी सोसणारी लस आली आणि तिथल्याच प्रयोगशाळांत ती तयार होऊ लागली. परंतु खरे काम केले ते गावपातळीवरील लसटोचकांनी, ज्यांत बायकाही मोठ्या संख्येने होत्या. दर चार महिन्यांनी दिवस ठरवायचा, घरोघर जायचे, प्रत्येक कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब टाकायचा आणि त्याचे अल्प शुल्क घ्यायचे. संपूर्ण गावाच्या कोंबड्या एकाच दिवशी झाल्या की कुपीही वाया जात नाही. आपल्याकडे बचत गटांच्या उमेद अभियानाच्या पशुसखी, म्हणजे जनावरांच्या देखभालीचे प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्याच बायका, गावोगावी आहेत. त्यांच्या हाती बर्फाचा डबा आणि ठरलेली तारीख दिली, तर हे काम इथे का होऊ नये?

हिशेबही मांडते, कारण अतिशयोक्ती नको. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. चोवीस कोंबड्यांची बाराशेच्या वर होतात. त्यातली चारशे खुडूक कोंबड्यांखाली ठेवावीत, चारशे सरावानंतर मुलींनीच खावीत आणि चारशे दहा रुपये दराने विकावीत. घार, मुंगूस आणि मे महिन्यातले आमच्याकडचे पंचेचाळीस अंशांचे ऊन यांतून वाचलेले वीस कोंबडे जरी आखाडात किंवा पोळ्याच्या करीला चारशेप्रमाणे गेले, तरी अंड्यांसह बारा हजार रुपये होतात. एका संघाचे बूट, शुल्क आणि जाणे-येणे त्यात भागते. मुलींनी अंडी खाण्याचा मुद्दा मी मुद्दाम मध्ये ठेवला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्ताची कमतरता आहे आणि चढाईला जाणारी मुलगी धापा टाकत परत येते तेव्हा मला ते समोर दिसते.

कर्ज काढून मोठी शेड बांधण्याचा आणि कंपनीच्या करारावर ब्रॉयलर पाळण्याचा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. तो आम्ही मानला नाही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मोठ्या शेडवाल्यांचे काय झाले, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. शिवाय कर्जाची शेड झाली की तिची मालकी आणि तिचा पैसा पुन्हा पुरुषांच्या हाती जातो.

पशुसंवर्धन विभागाला माझी विनंती आहे की लसीकरणाच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावाव्यात आणि लस गावात पोहोचवावी. क्रीडा विभागाने महिला संघांचे प्रवेश शुल्क माफ करण्याचा विचार करावा.

आमच्या गटाने वाट पाहिलेली नाही. पावसाळ्यापूर्वीच्या एका रविवारी पशुसखीने बर्फाच्या डब्यातून लस आणली. कोंबड्या उजाडण्यापूर्वी, डालग्यातून बाहेर पडायच्या आधीच धराव्या लागतात. ते काम संघातल्या मुलींनी केले आणि सकाळी आठपर्यंत गावातल्या एकशे ब्याऐंशी कोंबड्यांना लस देऊन झाली. लाल चिंधीच्या कोंबड्या आता पुन्हा एकोणीस आहेत.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
जिल्हा यवतमाळ