पॅड कागदात कशाला गुंडाळायचे?

संपादक महोदय,

मागच्या आठवड्यात औषधाच्या दुकानात पॅड मागितले. काउंटरवरच्या मुलाने न विचारताच पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळले, वर काळी पिशवी चढवली. शेजारच्या गृहस्थांना खोकल्याचे औषध मात्र तसेच हातात दिले. बारा वर्षांची लेक सोबत होती. बाहेर येताच म्हणाली, ‘आई, यात लपवण्यासारखं काय आहे?’

‘कावळा शिवला’ म्हणणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे ही लपवाछपवी आपलीच वाटायची. पण वाचू लागले तेव्हा कळले, की अमेरिकेत पॅडची विक्रीच अशा कुजबुजीत रुजली. पहिल्या महायुद्धात किंबर्ली-क्लार्क कंपनी लाकडाच्या लगद्यापासून ‘सेल्युकॉटन’ बनवून जखमांच्या पट्ट्यांसाठी पुरवत होती. नर्सनी तेच पाळीत वापरून पाहिले. 1918 मध्ये युद्ध थांबले, पट्ट्यांची मागणी आटली आणि 1920 मध्ये त्याच मालाचे ‘कोटेक्स’ बाजारात आले. बारा पॅडचा खोका, साठ सेंट. सुरुवातीच्या जाहिरातीत चित्र होते जखमी सैनिक आणि नर्सचे! काही दुकानांत खोके काउंटरवर ठेवलेले असत. बाईने शेजारच्या डब्यात पैसे टाकायचे, खोका उचलायचा, तोंड उघडायचे नाही. 1928 मध्ये ‘मोडेस’ या दुसऱ्या पॅडच्या जाहिरातीत तर कापून घ्यायचे कुपन छापले होते. ते मुकाट्याने विक्रेत्याच्या हातात दिले की झाले.

मला मोठे वाटते ते लिलियन गिलब्रेथ यांचे काम. या इंजिनीअर बाईंनी 1927 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनसाठी हजाराहून जास्त स्त्रियांना त्यांची अडचण थेट विचारली. बायकांनीही मोकळेपणाने सांगितले: पॅड जाड आहेत, टोके टोचतात, आम्ही घरी कात्रीने कापून घेतो. विचारले, तर बायका बोलतात! कंपन्यांनी मात्र संकोच गृहीत धरला आणि त्याचीच सोय करून माल विकला. ती सोय कित्येकींना हवीही होती, हे मी नाकारत नाही. आजही एखादीला कागद हवा असेल, तर तिला तो जरूर द्यावा.

औषध विक्रेत्यांना माझी विनंती एवढीच, की गुंडाळण्याआधी विचारा. त्या दिवशी मी दुकानात परत गेले, कागद आणि पिशवी त्या मुलाला परत केली. पाकीट लेकीने हातात धरून घरी आणले.

— एक वाचक, सांगली