फुटलेल्या सीएफएलवर झाडू फिरवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुने सीएफएल आणि ट्यूबलाइट काढून एलईडी लावा, हा सल्ला सगळीकडून मिळतो आणि तो योग्यच आहे. काढलेल्या दिव्याचे काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही; तो सरळ केराच्या डब्यात जातो. या दिव्यांत पारा असतो. घरगुती सीएफएलमध्ये साधारण ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, जुन्या जाड ट्यूबमध्ये बराच जास्त. काचेच्या तापमापीत तो सुमारे ५०० मिलिग्रॅम असे, तेव्हा एक दिवा फुटला म्हणून घाबरून जाऊ नये. पण काच अखंड आहे तोवरच पारा आत राहतो. केराच्या गाडीत ती फुटली की वाफ हवेत जाते, आणि या वाफेला ना रंग, ना वास. पुढे हाच पारा पाण्यात पोचतो, तिथले जिवाणू त्याचे मिथाइल मर्क्युरी हे विषारी संयुग करतात आणि ते माशांच्या शरीरात साठत जाते.

म्हणून दिवा न फुटता ई-कचरा संकलन केंद्रात पोचणे महत्त्वाचे. बटण बंद करून तो पंधरा मिनिटे निवू द्यावा. सीएफएल काढताना पिळदार नळी धरू नये. खालचा प्लास्टिकचा भाग धरून फिरवावे. नळी धरून पिळली तर ती फुटू शकते. नव्या दिव्याचे खोके जपून ठेवले तर जुना त्यातच बसतो. ट्यूब मुलांच्या हाती लागणार नाहीत आणि घरंगळणार नाहीत अशा ठेवाव्यात, पण चिकटपट्टीने एकमेकींना बांधू नयेत. पट्टी सोडवताना काच तडकते.

तरीही फुटलाच तर माणसे आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर काढा, एसी बंद करा, खिडकी उघडा आणि दहा मिनिटे आत जाऊ नका. आपण सवयीने झाडू उचलतो, तीच मोठी चूक. झाडूने पाऱ्याचे थेंब आणखी बारीक होतात, दिव्याच्या आतली पांढरी भुकटी पसरते आणि तोच झाडू मग घरभर फिरतो. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट, कारण तो पारा थेट हवेत उडवतो. हातमोजे घालून तुकडे आणि भुकटी जाड पुठ्ठ्याने गोळा करा. बारीक कण चिकटपट्टीने टिपा, शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसा. पांढऱ्या भुकटीकडे दुर्लक्ष करू नका; बरेच दिवस वापरलेल्या दिव्यातला बहुतांश पारा तिच्यातच मुरलेला असतो. तुकडे, पुठ्ठा, पट्टी, कागद, हातमोजे असे सगळे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. प्लास्टिकच्या पिशवीतून वाफ झिरपते, म्हणून बरणी बरी. बरणीवर ‘फुटलेला दिवा, पारा’ असे लिहून ती घराबाहेर ठेवा, हात धुवा आणि खोली आणखी काही तास हवेशीर राहू द्या. अंथरुणावर किंवा कपड्यांवर भुकटी पडली असेल तर ते धुवायला टाकू नका, पारा यंत्रात आणि सांडपाण्यात जाईल. तेही टाकून द्यावे लागतात.

पिवळ्या उजेडाच्या तारेच्या बल्बमध्ये आणि हॅलोजनमध्ये पारा नसतो. ते कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकता येतात. एलईडीतही पारा नाही, पण त्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असल्याने तो ई-कचऱ्यात द्यावा. ट्यूब पाऱ्याची (फ्लुरोसंट) की एलईडी, असा संभ्रम पडल्यास टोके पाहावीत: काळवंडलेली असतील तर ती पाऱ्याची.

संकलन केंद्रात हे दिवे बंदिस्त यंत्रात फोडतात, भुकटी तापवून पारा वेगळा काढतात; काच आणि धातूही पुन्हा वापरात येतात. पाऱ्याचा वापर घटवण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात घरगुती सीएफएलच्या उत्पादनाला २०२५ अखेरपर्यंतचीच मुदत ठरली, त्यामुळे माळ्यावर साठलेले जुने दिवे आता झपाट्याने बाहेर पडतील. आपल्या दैनिकात एलईडीविषयी माहिती येईल तेव्हा जवळच्या ई-कचरा संकलन केंद्राची वेळ आणि तिथे ट्यूबलाइट घेतात की नाही, एवढे सोबत छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक