छेत्रीनंतर पुढे कोण?

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल हवे तेवढे बोलून घे. आईची तब्येत ठीक आहे, माझे गुडघे होते तसेच आहेत. १४ ऑक्टोबरला गोव्यात फातोर्ड्याला फुटबॉलमध्ये आपण सिंगापूरकडून २-१ असे हरलो आणि २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतूनच बाहेर पडलो, हे तू पाहिले असशीलच. त्याच आठवड्यात चिरंजीवांच्या प्रशिक्षकांनी मला बोलावून सांगितले की, मुलाला पुढून काढून बॅकला, म्हणजे बचावात, खेळवू या. मोठे क्लब गोल करायला परदेशी माणूस आणतात, आपल्या पोरांना तिथे जागाच उरत नाही. घरात सर्वांचे म्हणणे, खेळतोय ना, मग कुठे का खेळेना. बापूंनी तुला सेंटर फॉरवर्डवरून मागे ओढले, तेव्हा तू किती दिवस मैदानाकडे फिरकला नव्हतास, हे त्यांना कुठून माहीत असणार?

प्रशिक्षकांचे म्हणणे खोडून काढता येत नाही, हीच माझी अडचण आहे. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्धच्या ०-० बरोबरीनंतर सुनील छेत्रीने भारतीय संघाचा निरोप घेतला, तेव्हा १५१ सामन्यांत त्याचे ९४ गोल झाले होते आणि खेळत असलेल्यांत रोनाल्डो आणि मेस्सी एवढेच त्याच्या पुढे होते. त्या अख्ख्या वर्षात आपण एकही सामना जिंकलो नाही. शेवटी मार्च २०२५ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या त्याच माणसाला परत बोलावले, आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० अशा विजयात त्याने ९५ वा गोल केला. गेलेल्याने परत येऊ नये, असे तू तेव्हा ठणकावून लिहिलेस. पण त्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) १४ गोल करून भारतीयांत पहिला होता तोही छेत्रीच. मग तेव्हाचे राष्ट्रीय प्रशिक्षक मार्केझ यांनी बोलवायचे तरी कोणाला? मला त्याच्या परत येण्याची लाज वाटत नाही. बोलावण्यासारखा दुसरा कोणी तयार झाला नाही, याची वाटते.

त्याचे निम्मे गोल मालदीव-नेपाळचे, हे तुझे पालुपद मला पाठ आहे, तेव्हा माझेही उत्तर पुन्हा ऐक. २००८ साली दिल्लीत एएफसी चॅलेंज कप या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने ताजिकिस्तानविरुद्ध तीन गोल केले, म्हणून तर २७ वर्षांनी, २०११ मध्ये, आपण आशियाई चषकात उतरलो. तिथेही त्याने बहारीन आणि दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केले. परदेशात टिकला नाही, हे मात्र मान्य. पण २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्स हा इंग्लिश क्लब त्याला घ्यायला तयार असताना, आपला देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरात नाही म्हणून त्याला कामाचा परवाना नाकारला गेला, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

चिरंजीवांना पुढे खेळण्याचे वेड लागले ते २०१८ मध्ये, अंधेरीला. चिनी तैपेईला, म्हणजे तैवानच्या संघाला, कोण बघणार, म्हणून तू आला नाहीस. आपण ५-० ने जिंकलो, छेत्रीने तीन गोल केले आणि प्रेक्षक जेमतेम अडीच हजार. मग त्याने हात जोडून लोकांना मैदानावर बोलावले आणि केनियाविरुद्धच्या त्याच्या शंभराव्या सामन्याला भर पावसात स्टेडियम भरले. तिकिटासाठी तू मला किती फोन केलेस, ते मी विसरलेलो नाही. त्या दिवशी माझ्या खांद्यावर बसून ओरडणाऱ्या पोराला आता कोणत्या तोंडाने सांगू की, बाळा, ही जागा आपल्यासाठी नसते?

उंची पुरेशी नाही, हे प्रशिक्षकांचे दुसरे कारण मी धुडकावून लावले, कारण छेत्री तरी कुठे ताडमाड आहे? अर्थात त्याची आई आणि मावशी नेपाळच्या राष्ट्रीय संघातून खेळल्या होत्या. आमच्याकडे तो वारसा फार तर कॅरमचा. माझे मन म्हणते की सोळाव्या वर्षापर्यंत त्याला पुढेच खेळू द्यावे, पुढचे पुढे. पण मी बॅकच होतो, रे. पुढच्या माणसाचे मन तुला जास्त कळते. मागे गेल्यावर तुला खेळ पुन्हा आवडायला लागला होता का, की तू केवळ आमच्यासाठी खेळत राहिलास? हे मी तुला कधी विचारलेच नाही.

नव्या घराचे अभिनंदन करायचे राहूनच गेले. तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींना नमस्कार. प्रशिक्षकांना शनिवारी उत्तर द्यायचे आहे, तेव्हा त्याआधी कळव, आणि या खेपेला मालदीवचा विषय काढू नकोस.

तुझा,
मन्या