कमाल तापमानाशेजारी दुपारची आर्द्रताही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाच्या बातम्यांत कमाल तापमान ठळक अक्षरांत असते, हवेतल्या दमटपणाला मात्र बहुधा जागा मिळत नाही. शरीराला तर दोन्ही एकदमच सोसावे लागतात.

शरीर घाम आल्याने नव्हे, तर तो वाळल्याने थंड होते. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. हनुवटीवरून टपटप गळणारा घाम पाणी आणि मीठ तेवढे घेऊन जातो, गारवा देत नाही. म्हणूनच ४२ अंशांच्या कोरड्या दुपारपेक्षा ३४ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचा दिवस कष्टकऱ्याला जास्त घातक ठरू शकतो.

हे घरीही मोजता येते. हवेचे तापमान दाखवणारे दोन थर्मामीटर सावलीत टांगा. एकाच्या फुग्याला सुती कापड गुंडाळून त्याचे टोक स्वच्छ पाण्याच्या वाटीत सोडा आणि पाच-दहा मिनिटे वारा घाला. ओल्या फुग्याचा आकडा म्हणजे वेट बल्ब तापमान. कापड सुकले किंवा क्षारांनी कडक झाले तर आकडा खोटा, चढा येतो. वर दिलेल्या ३४ अंशांच्या दिवशी तो ३१च्या आसपास निघेल. ४२ अंशांना आर्द्रता २२ टक्के असेल तर २४च्या जवळ. तो ३५ला पोचला की उष्णता बाहेर पडायची वाटच बंद होते, मग सावली आणि पंखाही पुरत नाहीत.

लघवी वाढवणारी आणि ॲलर्जीची काही औषधे घेणाऱ्यांना हा त्रास लवकर होतो. औषध मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो थकलाय म्हणून झोपवून ठेवू नका, कृपा करून! तो उष्माघात समजा. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत सर्वांगावर गार पाणी ओतत वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

एक विनंती. आर्द्रता सकाळची छापू नका. पहाटे हवा गार असते, म्हणून तो आकडा नेहमीच मोठा दिसतो. कमाल तापमानाच्या वेळची आर्द्रता द्या आणि शेजारी रात्रीचे किमान तापमान. रात्र तापलेली राहिली तर दिवसभराचा ताण उतरत नाही आणि दुसऱ्या दिवशी माणूस थकलेलाच कामावर जातो.

आपला,
एक वाचक