बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तुझ्या चित्रांत रंग ती मदतनीस मुलगी लावते, मग खाली सही तुझी कशी?" मी विषय बदलला, कारण उत्तर फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. पण बाबा, प्रश्न अगदी नेमका आहे. बाकी सगळे "कसं गं जमतं तुला" म्हणून मोकळे होतात.

आधी हाताबद्दल, कारण तुम्ही अजूनही नातेवाइकांना "तिचा हात गेला" असं सांगता. हात आहे, जातोय तो खांदा. लिम्ब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी या माझ्या स्नायूंच्या आजारात कमरेभोवतीचे आणि खांद्याभोवतीचे स्नायू आधी अशक्त होतात; बोटं आणि मनगट पुष्कळदा बरीच वर्षं साथ देतात. म्हणूनच मला सुईत दोरा ओवता येतो आणि केस विंचरता येत नाहीत. बघणाऱ्याला ढोंग वाटतं. वाटू दे.

ईझलवर उभा केलेला कॅनव्हास माझ्यापुरता संपला. हात वर धरून ठेवणं हेच मुळी खांद्याचं काम. आता फलक टेबलावर आडवा असतो, कोपराच्या उंचीला. कोपर टेकलेलं असलं की मनगटापुढचं राज्य माझं. कोपर न हलवता ब्रश जिथवर पोचेल तेवढा तुकडा रंगवायचा, मग फलक फिरवायचा, मग पुढचा तुकडा. फलक ती फिरवते. बाटल्यांची झाकणं, पाणी बदलणं, ब्रश धुणं हेही तीच करते. आणि हो बाबा, मोठ्या सपाट जागा रोलरनं तीच भरते. रंगसुद्धा बहुतेक तीच कालवते.

पण कालवते कशी ते ऐका. पूर्वी मी पॅलेटवर रंग नुसते ओढत जायची, काय किती घेतलं याचा पत्ता नसायचा. आता तोंडानं सांगावं लागतं: "निळ्यात थोडा बर्न्ट अंबर टाक, अजून, थांब, आता पांढरा नको, पिवळा दे." तिनं प्रत्येक रंगाची पट्टी कागदावर ओढून खाली प्रमाण लिहून ठेवलंय. त्या वहीमुळे मला माझेच रंग पहिल्यांदा नीट कळले. कधी ती भलतंच काहीतरी बनवते आणि मी तेच ठेवून घेते. कधी ती म्हणते, "ताई, हे मेल्यासारखं दिसतंय," आणि आमचं वाजतं. बहुतेक वेळा मीच जिंकते, कारण काय ठेवायचं, काय खरवडून काढायचं आणि कुठे थांबायचं हे मी ठरवते. सही त्या ठरवण्याची आहे.

हे माझ्या सोयीसाठी काढलेलं तत्त्वज्ञान नाही. फ्रेंच चित्रकार मातीसचं १९४१ मध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्याचा बराच वेळ अंथरुणात नाहीतर चाकाच्या खुर्चीत गेला. मदतनीस कागदांना त्यानं सांगितलेले रंग देत, तो कात्रीनं आकार कापी, आणि ते आकार भिंतीवर कुठे टाचायचे, किती सरकवायचे हे तो बसल्या जागेवरून सांगे. ती चित्रं मातीसची नाहीत असं कुणी म्हणत नाही.

रन्वार या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराचं प्रकरण मात्र तुमच्या बाजूनं जाणारं आहे. संधिवातानं त्याची बोटं इतकी आखडली होती की तळव्याला इजा होऊ नये म्हणून हातात कापड गुंडाळावं लागे आणि ब्रश दुसऱ्यानं हातात द्यावा लागे. (ब्रश हाताला बांधत असत ही दंतकथा, १९१५ मध्ये त्याचं चित्रीकरण झालंय, त्यात बोटांत धरलेला ब्रश दिसतो.) चित्रं त्यानं स्वतःच काढली, पण शिल्पांसाठी १९१३ पासून रिचर्ड गिनो नावाचा तरुण शिल्पकार त्याच्याकडे आला. रन्वार सांगणार, गिनो घडवणार. शिल्पं रन्वारची म्हणून जगभर गेली. अखेर प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं गिनो सहकर्ता असल्याचं कायम केलं. तोवर रन्वारला जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. म्हणजे सांगणारा एक आणि करणारा दुसरा असला की रेघ कुठे ओढायची हे तिथेही सोपं नव्हतं. मला वाटतं, मातीच्या प्रत्येक वळणावर गिनोचा अंगठा होता, तो फक्त सांगकाम्या असूच शकत नव्हता. माझ्याकडे अजून तसं नाही. पण मनगटही गेलं तर होईल, आणि मनगट कधी ना कधी जाणार आहे.

तेव्हा बाबा, तोंडात ब्रश धरून चित्र काढणाऱ्यांचे व्हिडिओ मला पाठवू नका. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण तुम्ही ते मला धीर द्यायला पाठवता आणि मला त्यात फक्त मानेचे स्नायू दिसतात.

आता आई. "परकी मुलगी कशाला, मी येते की मदतीला," असं तू म्हणालीस. नको. एक तर तुझे गुडघे. दुसरं, तू मला खोडणार नाहीस, मी जे काढेन ते छान म्हणशील आणि तासाभरात "आता पुरे, हात जपून वापर" सुरू करशील. हात जपून ठेवला म्हणून शिल्लक राहत नाही. दमून गळून जाईपर्यंत ताणू नये हे खरं, फिजिओथेरपिस्टही तेच सांगतात. पण मुळीच वापरला नाही तर सांधे आखडतात आणि उरलेली ताकदही जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी थकवा उतरलेला असला की मी समजते, कालचं काम बेताचं होतं. आणि तू ज्या कारणानं यायचं म्हणतेस ते मला कळतं. या आजाराचं एक जनुक तुझ्याकडून, एक बाबांकडून, दोघंही धडधाकट, कुणाला कळणार होतं? त्याची फेड वगैरे काही नसते, आई.

सगळं छान चाललंय असं मात्र समजू नका. खांद्यातून एका दमात ओढलेली लांब रेघ मला फार आवडायची. ती गेली. तुकड्यातुकड्यांनी काढलेल्या चित्रात दुसरी गंमत आहे, फलक फिरत राहिल्यामुळे त्यात वर-खाली उरत नाही, पण ती त्या रेघेची भरपाई नाही. बैठकीतलं माझं जुनं मोठं चित्र तुम्ही पाहुण्यांना "हात चांगला होता तेव्हाचं" म्हणून दाखवता. दाखवा, पण शेजारी नवं एक लावा. पाठवते आहे.

आणि बाबा, एक काम. जन्मभर तुम्ही करारनामे तपासलेत. माझ्या आणि त्या मुलीच्या कामाचा एक कागद करून द्या: महिन्याचं मानधन, चित्र विकलं तर तिचा वाटा, आणि चित्रामागच्या चिठ्ठीवर साहाय्य म्हणून तिचं नाव. पुढे तिचं काम वाढलं तर वाटा आणि सही दोन्ही बदलता येतील असं एक कलम हवं. वाटा किती असावा यावर माझं नि तिचं एकमत होत नाहीये, ती कमी सांगते. तुम्ही आकडा सुचवा, मात्र मुलगी माझी म्हणून माझ्या बाजूनं झुकू नका.

तुमची,
धाकटी