पुरात भिजलेली मोटर भंगारात का जाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचगंगेचे पाणी ओसरले की सुतारवाडा, कुंभार गल्ली, दुधाळी भागात दारोदारी ढीग लागतात. गाद्या, कपाटे आणि त्यांच्या जोडीला मिक्सर, घरघंटी, वॉशिंग मशीन, फ्रिज. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सगळ्या कोल्हापूरने हे पाहिले. त्या ढिगातली मोटरवर चालणारी बरीच यंत्रे पाण्याने गेलेली नसतात. ‘जरा चालू करून बघू’ म्हणत कुणीतरी बटण दाबतो, तेव्हा ती जातात.

मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीवर, म्हणजे वाइंडिंगवर, वीज अडवणाऱ्या इनॅमलचा थर असतो. दोन-चार दिवस पाण्यात राहूनही तो सहसा टिकतो. मात्र फटींत शिरलेला गाळ ओल धरून ठेवतो. वीज सोडली की करंट त्या ओलीतून बॉडीकडे वाट काढतो आणि तार जळते. मग रिवाइंडिंगशिवाय, म्हणजे तार नव्याने गुंडाळल्याशिवाय, इलाज उरत नाही. त्याचा खर्च ऐकला की मालक मोटर वजनावर विकून मोकळा होतो.

त्यामुळे पुरातून निघालेले यंत्र आधी धुवायचे. हे ऐकून लोक दचकतात, पण गाळ वाळून घट्ट झाला की तो वाइंडिंगमधून निघत नाही. प्लग काढलेला ठेवून, कव्हर उघडून, स्वच्छ पाण्याची हलकी धार सोडायची. प्रेशर पंप नको, त्याने इन्सुलेशनचे कागद उचकटतात. इथे एक सरकारी अडचण आड येते. पंचनामा किंवा विम्याचा माणूस येईपर्यंत वस्तू तशीच चिखलात ठेवली जाते आणि चार दिवसांत बेअरिंग गंजून बसते. कंपनीच्या पट्टीवरचा सीरियल नंबर आणि भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढून लगेच धुण्याची मुभा प्रशासनाने पुराआधीच जाहीर करावी.

धुतल्यावर वाळवणे. ऑगस्टात कोल्हापुरात ऊन कुठले? हेअर ड्रायरने वरची कातडी तेवढी वाळते. लाकडी पेटीला वर-खाली भोके पाडून, आत १०० वॅटचा पिवळा बल्ब लावून, मोटर बल्बला न टेकवता २४ ते ४८ तास ठेवावी. नंतर ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचे मीटर) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये लावून रीडिंग घ्यावे. किमान १ मेगाओहम हवे. कमी आले तर मोटर पुन्हा पेटीत. इथे मल्टीमीटरवर विसंबू नये. त्याचा व्होल्टेज इतका थोडा असतो की ओल्या वाइंडिंगलाही तो ‘ठीक’ म्हणतो.

बेअरिंग मात्र बदलाच. ग्रीसमध्ये पाणी शिरले की ते महिन्याभरात ओरडू लागते. ६२०२, ६२०३ असा नंबर कडेवर कोरलेला असतो, तोच मागावा. कपॅसिटर वाळवून उपयोग नाही. जुन्यावर लिहिलेल्याच मायक्रोफॅरडचा आणि किमान तेवढ्याच व्होल्टेजचा नवा घालावा. दोन्ही मिळून खर्च नव्या मोटरपुढे किरकोळ आहे.

फ्रिजचा कॉम्प्रेसर सीलबंद असतो, आत पाणी जात नाही. बाहेरचा रिले (सुरू करणारा स्विच) आणि ओव्हरलोड (जादा करंट तोडणारा स्विच) बदलला की पुष्कळदा काम होते. पण पुरात फ्रिज तरंगतो आणि आडवा होतो, तेव्हा कॉम्प्रेसरचे तेल नळ्यांत जाते. उभा करून २४ तास थांबल्याशिवाय सुरू करू नये. पाणी दाराच्या वरपर्यंत चढले असेल आणि भिंतीतला पफ (थंडी राखणारा फोम) भिजला असेल, तर त्याच्यावर पैसे घालू नयेत. टीव्हीच्या पॅनेलचेही तसेच, थरांत शिरलेले पाणी डाग सोडून जाते.

काही वस्तू वाचवायच्याच नाहीत. बुडालेला मोबाइल, पॉवर बँक, ई-स्कूटरची बॅटरी घरात ठेवू नये. लिथियम बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. एमसीबी (बोर्डातला ट्रिप होणारा स्विच) वरून कोरडा दिसला तरी बदलावा. मायक्रोवेव्ह घरी उघडू नये, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत झाकणांतून घाण पाणी गेले असेल तर ती दुकानदाराला बदल्यात द्यावी. त्यातले ॲसिड गटारात ओतणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. मधल्या चार फुटांत तळमजल्यावरची पाण्याची मोटर सहज काढता येते, पण एका अटीवर. सक्शन (पाणी ओढणारा) आणि डिलिव्हरी (पाणी वर नेणारा), दोन्ही पाइपांना युनियन, म्हणजे नट फिरवून सुटणारा जोड, हवे. युनियन असेल तर मेन बंद करून वायर सोडायच्या, पाइप पाना लावून दोन नट फिरवायचे, फाउंडेशनचे चार बोल्ट काढायचे, अर्ध्या तासात मोटर जिन्यात. युनियन नसेल तर पाइप कापावा लागतो, आणि पाऊस कोसळत असताना तो कोण कापणार? ज्यांच्या पाइपाला युनियन नाही त्यांनी उन्हाळ्यातच प्लंबरला बोलवावे.

आता महापालिकेविषयी. पुरानंतर चिखल, गाद्या आणि यंत्रे एकाच डंपरमधून कसबा बावड्याच्या झूम कचरा प्रकल्पाकडे जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार शहराच्या कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत रिसायकलरकडे पोचवणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. तसे न झाल्यास वायरी उघड्यावर जाळून तांबे काढले जाते आणि पीव्हीसीचा विषारी धूर वस्तीला मिळतो. प्रत्येक पूरग्रस्त प्रभागात यंत्रांचा ढीग वेगळा ठेवावा. त्याशेजारी पंधरा दिवस एक टेबल, एक मेगर, आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडची चार मुले आणि उद्यमनगरातला एक जाणता रिवाइंडर बसवावा. यंत्रावर खडूने फक्त रीडिंग लिहायचे: ‘२ मेगाओहम’ किंवा ‘शून्य’. शून्यवाल्यालाही एकदा बल्बच्या पेटीत जाऊ द्यावे, मगच डंपरमध्ये.

आपला,
एक मोटर दुरुस्ती कारागीर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर