थेटर पाडायच्या आधी आतले फोटो तरी काढू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी लग्नाचे फोटो काढतो, घर त्यावरच चालतं, आणि सीझन संपला की कॅमेऱ्याची बॅग आणि ट्रायपॉड घेऊन एसटीने नाहीतर रेल्वेने जुनी थेटरं बघत फिरतो, गेली बारा-तेरा वर्षं हेच चाललंय. आज पत्र लिहायचं कारण म्हणजे मागच्या उन्हाळ्यात मी बाहेरगावी लग्नाच्या ऑर्डरवर असताना आमच्या तालुक्याच्या गावचं थेटर पाडलं. परत आलो तर चारी बाजूंनी पत्रे मारलेले, आत जेसीबी चालू, आणि ढिगाऱ्यातून बाल्कनीच्या खुर्च्यांचे लोखंडी पाय वर आलेले. रात्री घरी सगळ्या हार्ड डिस्क उलटसुलट केल्या तेव्हा त्या थेटरचे चार फोटो सापडले, चारही रस्त्यावरून काढलेले, त्यातल्या एकात तर अर्ध्या दरवाज्यापुढे रिक्षा उभी आहे. आतला एकही नाही. जयपूरपर्यंत जाऊन फोटो काढून आलो आणि घरापासून दहा मिनिटांवरचं राहिलं, कारण ते काय, इथंच आहे, कधीपण काढू असं वाटत राहिलं. हे मनाला फार लागलंय.

मुंबईत गेलो की माझा एक रस्ता ठरलेला असतो. रविवारी सकाळी साडेसहाला काळा घोड्यापासून सुरुवात, कारण तिथली वॉटसन हॉटेलची इमारत, जिथे ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं आपल्या देशात पहिल्यांदा दाखवली, तिकीट होतं एक रुपया. ते खेळ बघायला आपले सावे दादा पण गेले होते, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, आणि ते धंद्याने फोटोग्राफर होते बरं का, स्वतःचा स्टुडिओ होता त्यांचा. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती शूट केली, फाळक्यांच्या किती वर्षं आधी! त्या इमारतीची आजची अवस्था बघून मला दर वेळी वाईट वाटतं, पण कॅमेरा काढतोच.

तिथून रीगल जवळच. १९३३ चं थेटर, चार्ल्स स्टीव्हन्सने बांधलेलं, आणि त्याचे वडील म्हणजे बोरीबंदर स्टेशन बांधणारे फ्रेडरिक स्टीव्हन्स. त्या काळात रीगलला तळघरात गाड्यांचं पार्किंग होतं, विचार करा. मग ओव्हल मैदानातून सरळ चर्चगेटला इरॉस, १९३८ चं. सकाळचं ऊन इरॉसच्या लाल दगडावर येतं तेव्हा ट्रॅफिक नसतो, होर्डिंगवाले नसतात, वीस मिनिटं ती बिल्डिंग पूर्णपणे तुमची असते. पुढे लिबर्टी, १९४९, नावातच स्वातंत्र्य, आणि शेवटी धोबी तलावला मेट्रो, ते पण १९३८ चंच. सगळं पायीच होतं, मध्ये एक चहा आणि ब्रून मस्का.

आता इरॉस आणि मेट्रोचं बघा. मेट्रोचं मल्टिप्लेक्स झालं, इरॉस बरीच वर्षं बंद राहून २०२४ मध्ये मोठ्या पडद्यासकट परत सुरू झालं. दोन्ही चालू आहेत याचा मला मनापासून आनंद आहे, थेटर बंद पडून कबुतरं शिरण्यापेक्षा हजार पटीने बरं. ज्या भागात इरॉस आहे तो २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पण आला. पण अशा बहुतेक ठिकाणी राखला जातो तो बाहेरचा चेहरा. आपण पिक्चर बघायला जायचो ते आत, आणि बदलतं ते आतलंच.

आतलं म्हणजे काय ते एक सांगतो. घाटावरच्या एका थेटरात, नाव नको, एका म्हाताऱ्या ऑपरेटर काकांनी मला वर केबिनमध्ये नेलं होतं. जेमतेम दहा बाय बारा फुटांची खोली, दोन मशीन शेजारी शेजारी, भिंतीला छोटी छोटी भोकं, एकातून लाईट जायचा आणि एकातून काका पडदा बघायचे. दोन हजार फुटांचं एक रीळ वीस-बावीस मिनिटं चालतं, ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक गोल ठिपका येतो, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू, पुढचा ठिपका आला की बदली, आणि खाली बसलेल्या हजार लोकांना काही कळत नाही. मशीनच्या लाईटसाठी कार्बनच्या कांड्या जळायच्या त्याचा धूर जायला वर पत्र्याचं धुराडं, छत सगळं काळं. आणि मशीनमागच्या भिंतीवर पेन्सिलने लिहिलेलं, पिक्चरचं नाव, तारीख, किती आठवडे, कुठे रीळ तुटलं, कुठल्या शोला लाईट गेली. तीस-पस्तीस वर्षांचा हिशोब त्या चुन्याच्या भिंतीवर! मी ती भिंत तुकड्या तुकड्याने पूर्ण शूट केली, बेचाळीस फ्रेम. पुढच्या वर्षी गेलो तर केबिनला ऑइलपेंट मारलेला होता. ती भिंत आता फक्त माझ्या त्या बेचाळीस फोटोंत आहे.

आणि दुसरीकडे अनुभव कसा येतो, तर एका मोठ्या शहरात रीतसर तिकीट काढून आत गेलो, लॉबीतल्या जिन्याच्या पितळी कठड्याचा फोटो काढत होतो, वॉचमन आला, मॅनेजर आला, सगळे फोटो डिलीट करायला लावले आणि वरून सांगितलं हेड ऑफिसचं पत्र आणा. पत्र पाठवलं, दोनदा, उत्तर नाही.

जयपूरच्या राज मंदिरचं उदाहरण मुद्दाम देतो. १९७६ चं थेटर, तिकिटांच्या वर्गांची नावं पर्ल, रुबी, एमराल्ड, डायमंड, आणि लोक इंटरव्हलला उठून लॉबीच्या छताकडे बघत उभे राहतात. ते डिझाइन केलं आपल्या वामन नामजोशींनी, लिबर्टीचं आतलं सजावटीचं कामही त्यांचंच. मराठी माणसाने केलेलं हे काम बघायला लोक जयपूरला आवर्जून जातात, आणि आपल्याकडे शाळा-कॉलेजात किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे?

पुण्यात मंडईजवळ गाडी लावायला गेलात तर पार्किंगची नावं काय, आर्यन आणि मिनर्वा. आर्यन १९१५ मध्ये सुरू झालेलं थेटर, पुण्यातलं पहिलं. रोज शेकडो लोक "आर्यनला लाव गाडी" म्हणतात. नाव तेवढं राहिलं.

म्हणून माझं साधं म्हणणं आहे. थेटर पाडायची किंवा आतून बदलायची परवानगी देताना महापालिकेने, नगरपालिकेने एक अट घालावी, की आधी आतले नीट फोटो आणि मोजमाप झालं पाहिजे, तिकीट खिडकी, केबिन, जिने, खुर्च्या, बुकिंगचे प्लॅन, सगळं, आणि त्याची एक प्रत पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात जावी. एका थेटरला दोन दिवस पुरतात, मी स्वतः करून बघितलंय. मालक लोकांचा तोटा काहीच नाही, त्यांना धंदा परवडत नाही हे मला पूर्ण कळतं, मी त्यांच्या विरोधात बोलतच नाहीये.

आणि आपल्या पेपरने वाचकांकडून जुन्या थेटरांचे फोटो मागवावेत ही विनंती. कुणाच्या तरी घरी लग्नाच्या, बारशाच्या अल्बममध्ये मागे एखादं थेटर आलेलं असतंच, पहिल्या दिवशीच्या रांगेचा फोटो असतो, डोअरकीपर असलेल्या वडिलांचा युनिफॉर्ममधला फोटो असतो. स्कॅन करून, साफ करून द्यायचं काम मी फुकट करीन. आमच्या गावच्या त्या थेटरचा आतला एखादा जरी फोटो त्यात निघाला, बाल्कनीचा, पडद्याचा, कसाही, तर मी त्याची मोठी प्रिंट काढून ज्याचा असेल त्याला फ्रेम करून नेऊन देईन.

आपला,
एक फिरता फोटोग्राफर, सांगली जिल्हा